पायाला बूट का हवा? जयपूर फूटचा प्रकरण अभ्यास

साठच्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातल्या डॉक्टरांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. कृत्रिम पाय बसवून घेतलेला माणूस घरी जायचा आणि पुढच्या तपासणीला कुबड्या घेऊनच यायचा. पाय मोडलेला नसायचा, हरवलेलाही नसायचा. तो घरीच पडून असायचा, कारण त्याचा उपयोग नव्हता.

या प्रकरणाची सुरुवात मी इथून करतो, कारण जयपूर फूटची, म्हणजे याच रुग्णालयात घडलेल्या कृत्रिम पायाची, गोष्ट बहुतेक वेळा 'स्वस्त पाय' म्हणून सांगितली जाते. किंमत हा तिचा महत्त्वाचा भाग आहे, पण मूळ अडचण किमतीची नव्हती. ज्याला पाय मिळाला होता तोसुद्धा तो वापरत नव्हता. त्या न वापरण्याचं कारण शोधायला एका अस्थिशल्यवैद्याला एका मूर्तिकाराची गरज पडली. कला आणि विज्ञान एकत्र आले की समाजाचं भलं होतं, असं आपण भाषणांत सहज बोलतो. ते प्रत्यक्षात कसं घडतं, कुठे अडतं आणि कुणाच्या वाट्याला काय येतं, हे या एका प्रकरणात जवळून पाहता येतं.

त्या वेळचा पाय

अमेरिकेत पन्नासच्या दशकात विकसित झालेला 'सॅच' नावाचा पाय तेव्हा जगभर प्रमाण मानला जाई. सॉलिड अँकल, कुशन्ड हील, म्हणजे न हलणारा घोटा आणि मऊ टाच. आत लाकडाचा कडक गाभा, तो घोट्यापासून पुढे चवड्यापर्यंत गेलेला. टाचेत रबराची उशी, म्हणजे पाऊल टेकताना धक्का बसू नये. सपाट रस्त्यावर, बूट घालून, सरळ रेषेत चालणाऱ्या माणसासाठी हा पाय उत्तम होता. त्यामागचं गणित चोख होतं आणि चाचण्याही नीट झालेल्या होत्या.

पण ते गणित ज्या माणसाचं होतं, तो खुर्चीवर बसणारा होता. दिवसभर बूट घालणारा होता. राजस्थानातला शेतकरी जमिनीवर बसतो, मांडी घालतो. शौचाला, चुलीपुढे, शेतात खुरपताना उकिडवा बसतो. बांधावरून चालतो, पाणी दिलेल्या वाफ्यातून अनवाणी जातो. घरात शिरताना पायताण उंबऱ्याबाहेर काढतो, देवळात तर काढतोच. सॅच पायाला बूट लागायचाच, कारण बुटाशिवाय तो पायासारखा दिसत नसे आणि ओलाव्यात टिकतही नसे. शेतातल्या चिखलात बूट भिजला की जड व्हायचा, काही दिवसांत कुजायचा. घोटा वळत नसल्यामुळे उकिडवं बसणं अशक्यच. ढेकळावर पाऊल पडलं की पाय ढेकळाप्रमाणे कलायचा नाही, माणूसच कलायचा.

आपल्याकडेही हे सगळं तसंच्या तसं लागू आहे. पंगतीत बसणारा, भाताच्या खाचरात उतरणारा, पंढरीच्या वाटेवर चालणारा माणूस डोळ्यांपुढे आणला की पुरे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी पुण्यात १९४४ साली लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं होतं आणि त्याचं काम नावाजलेलं होतं. पण देशाच्या आकाराच्या मानाने अशा सोयी फारच थोड्या होत्या आणि गरीब माणसाला त्यांच्यापर्यंत पोचणं अवघड होतं.

दोघे

डॉ. प्रमोद करण सेठी मूळचे बनारसचे. एडिंबरोहून एफआरसीएस ही शल्यवैद्यकाची पदवी घेऊन आलेले. जयपूरला सामान्य शल्यचिकित्सा करता करता रुग्णालयाला गरज होती म्हणून अस्थिविभागाकडे वळलेले. पं. रामचंद्र शर्मा हे परंपरेने कारागिरांच्या घरातले. मूर्तिकाम, हस्तकला हे त्यांचं जग. औपचारिक शिक्षण अगदी प्राथमिक शाळेपुरतं. रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती ती रुग्णांना हस्तकला शिकवायला. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत.

रुग्णालयाची उतरंड ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल की हस्तकला शिकवणाऱ्या माणसाचं मत शल्यवैद्याने उपचाराच्या बाबतीत ऐकून घेणं ही किती दुर्मिळ गोष्ट आहे. इथे ती घडली. मास्टरजी रोज रुग्णांमध्येच वावरत. ते लोक कसे बसतात, कसे उठतात, बसवलेल्या पायाशी कसे झगडतात, हे त्यांच्या नजरेत भरत होतं. शरीराचा आकार आणि हालचाल पाहणं हा तर त्यांचा पिढीजात धंदा. त्यांना तो पाय पाय वाटेना. बोटं नाहीत, घोटा नाही, वर बुटाचं झाकण. खऱ्या पायासारखा दिसणारा आणि खऱ्या पायासारखा वळणारा पाय आपण करून पाहावा, असं त्यांनी मनावर घेतलं.

हे वाचताना घाई केली तर एक गोष्ट निसटते. 'खऱ्यासारखा दिसणारा' ही मागणी ऐकायला सौंदर्याची वाटते. एखादा व्यवहारी माणूस म्हणेल, आधी चालता येऊ दे, दिसण्याचं नंतर पाहू. पण पाय खऱ्यासारखा दिसायला हवा असं ठरलं की बूट गळून पडतो. बूट गेला की पायाचा पृष्ठभाग स्वतःच चिवट आणि जलरोधक असावा लागतो. आकार खरा हवा म्हटलं की आतला लांब लाकडी गाभा आड येतो. मूर्तिकाराच्या एका हट्टातून यंत्रशास्त्राच्या सगळ्या अटी ओळीने निघत गेल्या. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. डॉक्टरांनी प्रश्न सोडवला आणि कारागिराने तो सुबक केला, असा क्रम इथे नव्हता. प्रश्न कोणता आहे, हे आधी कारागिराला दिसलं.

साचा, रबर आणि टायरचं दुकान

मास्टरजींनी विलोचं लाकूड वापरून पाहिलं, स्पंज वापरून पाहिला, ॲल्युमिनियमचे साचे केले. साचा हे तर त्यांचं घरचं काम होतं. खऱ्या पावलावरून प्लॅस्टरचा ठसा, त्यावरून धातूचा साचा. आकार हुबेहूब येत होता. पण पदार्थ सापडत नव्हता. जो मऊ असेल तो फाटायचा, जो टिकेल तो वळायचा नाही.

उत्तर रस्त्यावर मिळालं. सांगितलं जातं ते असं: मास्टरजींची सायकल पंक्चर झाली, दुकानात थांबले, तिथे ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवण्याचं काम चाललं होतं. कच्चं रबर साच्यात घालून उष्णता आणि दाब दिला की ते टायरशी एकजीव होतं, चिवट होतं, आणि हजारो किलोमीटर रस्ता सोसतं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. गंधकाच्या मदतीने रबराच्या लांब रेणूंमध्ये आडवे दुवे तयार होतात आणि चिकट, लिबलिबीत रबर लवचिक आणि टिकाऊ बनतं. जे रबर ट्रकला चालतं ते पायाला का चालू नये?

पहिला पाय सगळा भरीव रबराचा केला तेव्हा तो जड झाला आणि ताठही. इथून पुढचं काम एकट्या कारागिराचं नव्हतं आणि एकट्या डॉक्टरचंही नव्हतं. सेठी आणि त्यांचे दोन तरुण सहकारी, डॉ. एस. सी. कासलीवाल आणि डॉ. महेश उदावत, मास्टरजींना शरीररचना समजावून सांगू लागले. कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर कुठे दाब सहन होतो, कुठे होत नाही. नडगीच्या हाडाची धार कुठे टोचते. घोट्याखालचा सांधा पाऊल आत-बाहेर कसं कलवतो. मांडी घालताना पाऊल नडगीच्या मानाने कसं फिरतं. मास्टरजी करून आणत, रुग्णाच्या पायाला लावून पाहिलं जाई, डॉक्टर तपासत, पुन्हा फेरफार.

शेवटी जी रचना ठरली ती साधी आहे आणि विलक्षण विचारपूर्वक केलेली आहे. पायाच्या आत तीन ठोकळे: टाचेचा, चवड्याचा आणि घोट्याचा. टाच आणि चवडा हलक्या, सच्छिद्र रबराचे. घोटा लाकडाचा, वरच्या नळीला बोल्टने जोडता यावा म्हणून. कडक भाग फक्त घोट्यापुरता ठेवला, पुढे चवड्यापर्यंत नेलाच नाही. हे तिन्ही ठोकळे टायरमध्ये असतात तशा दोऱ्यांच्या थरांनी बळकट केलेल्या रबरात गुंडाळायचे, बाहेरून त्वचेच्या रंगाच्या रबराचा थर द्यायचा आणि सगळं साच्यात घालून तापवायचं. बाहेर येतो तो तपकिरी, बोटं असलेला, पाण्याला न भिणारा पाय.

चवड्यापर्यंत जाणारा लांब लाकडी गाभा काढला म्हणून पाय वर दुमडायला लागला, म्हणजे उकिडवं बसता येऊ लागलं. टाच आणि चवडा वेगळे असल्याने पाऊल आत-बाहेर कलू लागलं, म्हणजे ढेकळांतून, दगडांतून चालता येऊ लागलं. पायाला थोडं फिरता येऊ लागलं, म्हणजे मांडी घालता आली. गाभा काढल्यावर पाय नुसता लुळा पडला असता. तो पडत नाही, कारण दोऱ्यांनी बळकट केलेलं बाहेरचं रबर जरुरीपुरतं आवरून धरतं, आपल्या पायात अस्थिबंध धरतात तसं. हे १९६८च्या आसपासचं काम.

दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, कृत्रिम अवयवांच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बूट लागू नये, बाहेरचा भाग टिकाऊ आणि जलरोधक असावा, उकिडवं बसण्याइतका पाय वर वळावा, मांडी घालण्याइतका फिरावा, उंचसखल जमिनीवर कलावा, स्वस्त असावा, इथे मिळणाऱ्या सामानात व्हावा, अशा अटी त्यात मांडलेल्या आहेत. लेखकांची नावं चार: सेठी, उदावत, कासलीवाल आणि आर. चंद्रा. हे चौथं नाव मास्टरजींचं. शाळा लवकर सुटलेल्या कारागिराचं नाव वैद्यकीय शोधनिबंधावर सहलेखक म्हणून येणं मला आजही फार मोठी गोष्ट वाटते.

१९९५ मध्ये एका तुलनात्मक अभ्यासात सॅच, अमेरिकेतलाच सिएटल आणि जयपूर हे तीन पाय घालून चालताना जमिनीकडून येणारं बल मोजलं गेलं. धक्का शोषण्यात सॅच सरस ठरला. पण एकूण चाल नैसर्गिक पायाच्या जास्त जवळ जाणारी होती ती जयपूर पायाची. मूर्तिकाराच्या नजरेने आधी जे हेरलं होतं, ते मोजमापात पुढे असं उमटलं.

पाय झाला, पण पोचत नव्हता

१९६८ ते १९७५ या सात वर्षांत किती पाय बसवले गेले? पन्नास-साठच्या घरात. इतकं चांगलं संशोधन, आणि लाभ मिळालेली माणसं इतकी थोडी. ज्यांना शोध लागला की काम संपलं असं वाटतं, त्यांनी या आकड्यापाशी जरा थांबावं.

ही कोंडी फोडली ती देवेंद्र राज मेहता या प्रशासकीय अधिकाऱ्याने. १९६९ मध्ये जैसलमेरला असताना त्यांना भीषण अपघात झाला, पाय कापावा लागेल अशी वेळ आली होती. तो वाचला, पण रुग्णालयात पडून असताना ज्यांचा पाय वाचत नाही आणि ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांचं काय होतं, हा प्रश्न त्यांना सोडेना. १९७५ मध्ये त्यांनी जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. पाय मोफत. माणूस ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्याला दाखल करून घ्यायचं, राहण्याजेवणाची सोय करायची आणि शक्य तितक्या लवकर पायावर चालवत घरी पाठवायचं. मेहता पुढे मुंबईत रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि नंतर सेबीचे अध्यक्ष झाले, तरी हे काम त्यांनी सोडलं नाही. समितीची केंद्रं आणि शिबिरं देशभर पसरली, अफगाणिस्तानसारख्या सुरुंगांनी पोखरलेल्या देशांतही पाय पोचले. लाभार्थींची संख्या लाखांत गेली. पायाचं पेटंट घेतलेलं नव्हतं, म्हणून इतरांनाही तो करता आला. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीसुद्धा 'जयपूर फूट शिबिर' असा फलक आज कुणाला नवा वाटत नाही.

वरची नळी, म्हणजे गुडघ्याखालच्या पायाचा भाग, आधी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून करत. पत्रा ठोकून अंगाला बसेल असा आकार देणं हेही कारागिराच्याच हातचं काम. नंतर पाण्याच्या पाइपासाठी वापरतात ते एचडीपीई प्लॅस्टिक आलं. पाइप भट्टीत तापवायचा आणि उरलेल्या पायाच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतीवर चढवायचा. यामुळे पाय हलका झाला आणि काम झपाट्याने होऊ लागलं.

कलेने घेतलेली परीक्षा

१९८१ साली तमिळनाडूत बसच्या अपघातात मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा उजवा पाय जखमी झाला, पुढे तो गुडघ्याखाली कापावा लागला. त्या तेव्हा विशीच्याही आत होत्या आणि लहानपणापासून भरतनाट्यम शिकत होत्या. सेठींना त्याच वर्षी मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. जयपूरचा पाय बसवून घेऊन सुधा यांनी पुन्हा रियाज सुरू केला आणि १९८४ च्या जानेवारीत मुंबईच्या रंगमंचावर त्या नाचल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या आयुष्यावर 'मयूरी' हा तेलुगू चित्रपट आला आणि त्यात मुख्य भूमिका त्यांचीच होती.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, आणि जिद्द आहेच. पण अभ्यासाच्या दृष्टीने मला त्यात आणखी एक दिसतं. भरतनाट्यमची मूळ बैठक म्हणजे अरमंडी: गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसायचं आणि त्या स्थितीत पूर्ण तळपाय जमिनीवर आपटायचा. नृत्य अनवाणीच होतं. बुटातला, न वळणारा पाय इथे पहिल्या अडवूलाच, म्हणजे नृत्याच्या मूळ पदन्यासालाच, अडला असता. रंगमंचावर बूट न घालता, तालात, शेकडो प्रेक्षकांसमोर झालेला तो कार्यक्रम ही त्या पायाची सगळ्यात कठोर चाचणी होती. प्रयोगशाळेत अशी चाचणी कुणी लावली नसती, कारण ती सुचायला नर्तकीच असावी लागते.

जिथे जोड सुटते

इथवर वाचून हे प्रकरण निर्दोष वाटेल. ते तसं नाही.

२००४ मध्ये एचडीपीई पद्धतीने बसवलेल्या पायांचे प्रत्यक्ष वापरातले पाठपुरावा अभ्यास प्रसिद्ध झाले, भारतातले आणि बाहेरचेही. त्यांत बऱ्याच उणिवा निघाल्या. सॉकेट, म्हणजे ज्या खोबणीत उरलेला पाय बसतो ती, अनेकांना नीट बसत नव्हती. पायाची रेषा चुकलेली होती. गुडघ्यावरून पाय गेलेल्यांच्या बाबतीत परिणाम विशेष निराशाजनक होते. पाऊल कितीही सुंदर असो, सॉकेट टोचत असेल तर माणूस तो पाय काढून ठेवणार, आणि गाडी पुन्हा पहिल्या ठिकाणी येणार.

हे का झालं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मूळ पाय तयार होताना मास्टरजींच्या हातावर सेठी, कासलीवाल, उदावत यांची नजर होती आणि डॉक्टरांच्या मापांवर मास्टरजींचा हात होता. संख्या वाढवताना पद्धत पोचली, पण ती जोडी सगळीकडे पोचली नाही. कारागीर कामात तरबेज, पण त्याला दाबाच्या जागा शिकवणारं कुणी नाही. नाहीतर प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे, पण हात बसलेला नाही. शिबिरात एका दिवसात शेकडो पाय वाटले की वर्तमानपत्रात फोटो येतो. त्यातले सहा महिन्यांनी किती वापरात आहेत, हे फारसं कुणी विचारत नाही.

श्रेयाच्या बाबतीतही हीच जोड सुटली. १९८१ मध्ये मॅगसेसे आणि पद्मश्री सेठींना मिळाले. त्यांचं कर्तृत्व मोठंच होतं, त्या पुरस्कारांबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण जगाने एकच नाव लक्षात ठेवलं. शोधनिबंधावर चार नावं लिहिण्याइतकं मन त्या गटाकडे होतं, पुरस्कार देणाऱ्या व्यवस्थांकडे नव्हतं. डॉक्टरला संशोधक म्हणायचं आणि कारागिराला मदतनीस, ही सवय आपल्याला इतकी जडली आहे की त्यात अन्याय आहे हे जाणवतही नाही. त्याचा व्यावहारिक तोटाही होतो. ज्या कामात आपलं नाव येणार नाही, त्यासाठी पुढच्या पिढीतला हुशार कारागीर रुग्णालयात कशाला येईल?

चांगलं हेही की काम थांबलं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी समितीबरोबर तेल मुरवलेल्या नायलॉनचा, अनेक सांध्यांवर फिरणारा स्वस्त गुडघा तयार केला आणि तो २००९ मध्ये जगासमोर आला. गुडघ्यावरून पाय गेलेल्यांची जी अडचण वरच्या अभ्यासांत दिसते, तिच्यावरचा तो एक प्रयत्न आहे. इस्रोच्या पॉलियुरेथेनचा वापर करून पाऊल हलकं करण्याचे प्रयत्नही झाले.

आपल्याकडे गावोगावी ही शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना माझं एक सांगणं आहे. पाय कापल्यानंतर उरलेला भाग पहिल्या वर्षभरात आकसत जातो, त्यामुळे आज घट्ट बसलेलं सॉकेट काही महिन्यांत सैल होतं. वाढत्या मुलाचा पाय तर पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. म्हणून शिबिराची तारीख ठरवतानाच दुसरी तारीख ठरवा, सहा महिन्यांनंतरची. त्या दिवशी त्याच माणसांना बोलवा. एका बाजूला अस्थिरोगतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञ बसू दे आणि शेजारी ज्याने पाय घडवला तो कारागीर. दोघांनी मिळून प्रत्येकाला चालायला लावावं, उकिडवं बसायला लावावं, मांडी घालायला लावावी. आणि जो माणूस पाय घरी ठेवून कुबड्यांवर आला असेल, त्याच्याशी सगळ्यात जास्त वेळ बोलावं.